गुंजभर सोने, मणभर आठवण

छोट्या दागिन्यांची छायाचित्रे का घ्यावीत, कशी घ्यावीत आणि कशी जपावीत

व्यापारी घरात सोन्याचा हिशेब कोणास मुद्दाम शिकवावा लागत नाही. वजन किती, कस किती, मजुरी किती आणि मोडीत दिल्यास घट किती जाईल, हे शब्द लहानपणापासून कानांवर पडत असतात. मालवण, कुडाळ, कणकवली, सावंतवाडी या गावांत व्यापारानिमित्त स्थिरावलेल्या आपल्या कुटुंबांनाही हे गणित परिचयाचे आहे. परंतु या हिशेबात एक रकाना बहुधा कोराच राहतो. दागिना मूळ कोणाचा, कोणी कोणत्या प्रसंगी दिला, त्याची कडी कशामुळे झिजली, एक मोती वेगळ्या छटेचा का आहे, हे रोजमेळात लिहिले जात नाही आणि खतावणीतही चढत नाही. ते घरातील एखाद्या वृद्ध व्यक्तीच्या स्मरणात असते आणि तिच्याबरोबरच जाते.

मोठ्या दागिन्यांचे त्या मानाने बरे असते. पोहेहार, मोहनमाळ, पाटल्या यांची नावे लग्नाच्या याद्यांत सापडतात. लग्नाच्या छायाचित्रांतही ते ठसठशीत दिसतात. प्रश्न आहे तो लहान दागिन्यांचा. बारशाला घातलेले वाळे आणि बिंदल्या, आजीच्या मोत्याच्या कुड्या, फिरकी हरवलेली एकच बुगडी, मंगळसूत्रातील माहेरची वाटी, आजोबांच्या सदऱ्याची साखळीने जोडलेली सोन्याची बटणे, पणजोबांची भिकबाळी. जुन्या मापाने तोळ्याचे १२ मासे आणि माशाच्या ८ गुंजा. म्हणजे एका तोळ्यात ९६ गुंजा. यांतील कित्येक वस्तू गुंजांतच मोजाव्यात एवढ्या हलक्या असतात. नवी बांगडी करावयाची ठरली की अशा वस्तू एका डबीत गोळा होतात, सराफाच्या काट्यावर चढतात आणि थोड्या वेळात त्यांचा एकच गोळा होतो.

यात व्यवहाराच्या दृष्टीने काहीच चुकत नाही. सोने वितळण्यासाठी आणि पुन्हा घडण्यासाठीच असते. प्रत्येक तुटकी वस्तू जपून ठेवावी, असा या लेखाचा आग्रह नाही. आग्रह एवढाच आहे की, ती वस्तू घराबाहेर पडण्यापूर्वी तिचे नीट छायाचित्र घेतले जावे आणि त्याखाली चार ओळी लिहिल्या जाव्यात. सोन्याची किंमत सराफ देतोच. उरलेली किंमत आपली आपणच नोंदवावयाची असते.

लहान दागिन्यास ओळखपत्र नसते

आज दुकानातून घेतलेल्या दागिन्यावर हॉलमार्क असतो. १६ जून २०२१ पासून सोन्याच्या दागिन्यांना हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक असल्याविना हॉलमार्क दागिना विकता येत नाही. त्यामुळे नव्या दागिन्यास जणू स्वतःचे ओळखपत्र मिळाले. परंतु दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे दागिने या सक्तीतून वगळलेले आहेत. कुंदन, पोलकी व जडाऊ कामासही सूट आहे. आजी-पणजीच्या काळातील वस्तू तर या व्यवस्थेच्या कितीतरी आधीच्या. म्हणजे ज्या दागिन्यांत भावना सर्वांत अधिक गुंतलेली असते, त्यांनाच बहुधा कोणतीही अधिकृत ओळख नसते.

दागिने लॉकरमध्ये आहेत, मग चिंता कसली, असे कोणी म्हणेल. लॉकरमध्ये आपण काय ठेवले, याची नोंद बँकेकडे नसते. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार आग, चोरी, इमारत कोसळणे किंवा बँक कर्मचाऱ्याने केलेली फसवणूक यामुळे नुकसान झाल्यास बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या १०० पटींपर्यंत मर्यादित आहे. भूकंप, पूर, वादळ अशा नैसर्गिक आपत्तीत बँकेचा निष्काळजीपणा नसेल, तर तेवढीही नाही. आत काय होते हे सांगण्याची वेळ आली, तर आपल्या हाती आपलीच यादी आणि आपलीच छायाचित्रे असतात.

आधी जुने आल्बम उघडावेत

आपल्या समाजाचा आणि छायाचित्रणकलेचा एक जुना ऋणानुबंध आहे. भारतातील आद्य नामवंत छायाचित्रकारांपैकी राजा दीनदयाळ हे १८४४ साली मेरठजवळील सरधना येथे जैन जवाहिऱ्यांच्या कुळात जन्मले. रुडकीच्या थॉमसन कॉलेजात स्थापत्याचे शिक्षण घेऊन ते इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीस लागले आणि तेथेच छायाचित्रणाकडे वळले. पुढे ते हैदराबादच्या सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले. इंदूर, सिकंदराबाद आणि मुंबई येथे त्यांचे स्टुडिओ होते. १८९२ साली त्यांनी हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी स्वतंत्र स्टुडिओ उघडला आणि त्याची व्यवस्था एका इंग्रज महिलेकडे सोपविली. १९०५ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या काचेच्या निगेटिव्हचा मोठा संग्रह आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहे.

त्या काळची व्यक्तिचित्रे पाहताना एक गोष्ट ध्यानात येते. तेथे दागिना एकटा नसतो. तो कोणाच्या तरी अंगावर असतो. बुगडी कानाच्या कोणत्या भागात घातली, नथ किती मोठी होती, भिकबाळी कशी शोभत होती, हे त्यावरूनच कळते. म्हणून घरातील दागिन्याचे छायाचित्र घेण्यापूर्वी जुने आल्बम, भिंतीवरील तसबिरी आणि ट्रंकेतील पाकिटे चाळावीत. हातातील कुडी पन्नास वर्षांपूर्वीच्या लग्नाच्या छायाचित्रात सापडली, तर त्या चित्राची प्रत नव्या छायाचित्राशेजारी ठेवावी. दागिन्याचा इतिहास अर्धा तेथेच पूर्ण होतो.

मालवणचा उजेड आणि मालवणची हवा

दागिन्याच्या छायाचित्रास महागडा कॅमेरा लागत नाही, चांगला उजेड लागतो. कडक ऊन आणि मोबाईलचा फ्लॅश हे दोन्ही टाळावेत. त्यांनी सोन्यावर पांढरा चट्टा उमटतो आणि बारीक नक्षी त्यात बुडून जाते. सकाळी आठ ते दहाच्या सुमारास पडवीच्या सावलीत किंवा उत्तरेकडील खिडकीशी येणारा मऊ प्रकाश सर्वांत उत्तम. उजेड तरीही तीव्र वाटला, तर खिडकीवर पातळ पांढरे मलमल किंवा बटर पेपर लावावा.

कोकणातील घरांत एक वेगळी अडचण संभवते. जांभ्या दगडाच्या उघड्या भिंती, लाल अंगण, लाल फरशी यांवरून परतणारा प्रकाश तांबूस असतो आणि तो सोन्यावर चढतो. पिवळे सोने मग तांब्यासारखे दिसू लागते. सराफाच्या डबीतील लाल मखमलही हेच करते. यासाठी दागिन्याखाली चकाकी नसलेला करड्या रंगाचा कागद किंवा धुतलेले साधे सुती वस्त्र घ्यावे आणि भिंतीच्या बाजूस एक पांढरा पुठ्ठा उभा करावा. पुठ्ठ्यामुळे तांबूस झाक थांबते आणि सावलीची बाजूही उजळते. चौकटीच्या एका कोपऱ्यात कोऱ्या पांढऱ्या कागदाचा तुकडा ठेवल्यास पुढे छापताना खरा रंग कोणता, हे कळण्यास आधार मिळतो.

चकचकीत सोने आरशासारखे असते. समोर जे असेल ते त्यात दिसते. वाळ्याच्या गोलाईवर मोबाईल आणि छायाचित्र घेणाऱ्याचा भडक सदरा उमटलेला पुष्कळदा आढळतो. साधे, फिकट कपडे घालावेत. पांढऱ्या पुठ्ठ्यास कॅमेऱ्याच्या भिंगाएवढे छिद्र पाडून त्यातून छायाचित्र घेतले, तर हे प्रतिबिंब बरेच कमी होते.

समुद्रकाठच्या वाऱ्यात मिठाचे सूक्ष्म कण असतात. मोबाईलच्या भिंगावर त्यांचा पातळ थर बसतो आणि प्रत्येक चमकत्या जागेभोवती धुके पसरल्यासारखे दिसते. प्रत्येक वेळी भिंग मऊ कापडाने पुसावे. वातानुकूलित खोलीतून बाहेर आल्यावर भिंगावर बाष्प धरते; दहा-पंधरा मिनिटे थांबून मग काम सुरू करावे. आषाढ-श्रावणातील ढगाळ उजेड छायाचित्रास अनुकूल असला, तरी त्या दमट हवेत चांदी लवकर काळवंडते. काम आटोपताच वस्तू कोरड्या वस्त्रात गुंडाळून बंद डबीत ठेवाव्यात.

तारकर्लीच्या शुभ्र वाळूवर दागिना ठेवून छायाचित्र घेण्याचा मोह आवरावा. वाळूतील गारगोटीचे कण सोन्याहून आणि मोत्याहून कितीतरी कठीण असतात. एकदा ते कोंदणात किंवा फिरकीत शिरले की ओरखडे पाडतात आणि सहजी निघत नाहीत.

धुण्यापूर्वी थांबावे

छायाचित्र चांगले यावे म्हणून दागिना आधी घासून-धुऊन लख्ख करण्याकडे आपला कल असतो. जुन्या वस्तूंच्या बाबतीत ही घाई अंगलट येते. बोरमाळेसारख्या दागिन्यांतील पोकळ मण्यांत लाख भरलेली असते. गरम पाण्याने ती मऊ होते. कुंदनकामात खड्यामागे चांदीचा पातळ वर्ख असतो. तेथे पाणी झिरपले की खडा कायमचा निस्तेज होतो. मोत्यास लिंबू, चिंच, व्हिनेगर यांतील आम्ल सोसत नाही आणि रेशमावर गाठवलेली जुनी सर पाण्याने कमकुवत होते. कोरड्या, मऊ कुंचल्याने धूळ झटकावी, तेवढे पुरे.

शिवाय ज्याला आपण मळ किंवा झीज म्हणतो, त्यातच पुष्कळदा त्या दागिन्याची कहाणी असते. रोजच्या वापराने आतून पातळ झालेली अंगठी, बाळाच्या दातांचे ठसे उमटलेले वाळे, घाईत दिलेला जाडसर सांधा. छायाचित्र आधी आहे त्या स्थितीत घ्यावे. साफसफाई नंतर, जाणत्या कारागिराच्या हातून व्हावी.

पाच छायाचित्रे

प्रत्येक दागिन्याची पाच छायाचित्रे घेतली, तर नोंद परिपूर्ण होते.

पहिले, समोरून संपूर्ण दागिन्याचे. मोबाईल फार जवळ नेऊ नये. अगदी जवळून आकार वेडावाकडा दिसतो. थोडे मागे सरून चित्र दुप्पट मोठे करावे. पडद्यावर दागिन्याच्या जागी बोट दाबून ठेवले की तेथील स्पष्टता पक्की होते. मग उजेड किंचित कमी करावा, म्हणजे सोन्यातील तपशील उमटतो. पार्श्वभूमी धूसर करणारी पोर्ट्रेटची सोय बंद ठेवावी, कारण ती नथीची बारीक तारही पुसून टाकते. मोबाईल पुस्तकांच्या चळतीवर टेकवून दोन सेकंदांचा टायमर लावल्यास हात हलल्याचा दोष राहत नाही.

दुसरे, मागील बाजूचे. कारागिराचे खरे काम मागेच दिसते.

तिसरे, खुणांचे. सोनाराचा ठसा, कोरलेली आद्याक्षरे, दुरुस्तीचा सांधा, बदललेला मोती, तुटलेली कडी. अशी प्रत्येक खूण जवळून घ्यावी. हीच चित्रे पुढे वस्तू ओळखण्याच्या कामी येतात.

चौथे, मापाचे. शेजारी फूटपट्टी ठेवावी आणि शक्य असल्यास वजनकाट्यावरील आकडाही त्यात यावा. पुढील पिढीस 'लहानशी कुडी' म्हणजे किती लहान, हे शब्दांनी कळणार नाही.

पाचवे, माणसाबरोबरचे. ज्यांचा दागिना, त्यांच्या तळहातावर किंवा अंगावर. सुरकुतलेल्या तळव्यावरील इवलेसे वाळे यापेक्षा अधिक काही सांगावे लागत नाही. या पाच चित्रांपैकी चार नंतरही घेता येतील. हे पाचवे मात्र ती व्यक्ती आपल्यात असेपर्यंतच घेता येते, म्हणून सुरुवात येथूनच करावी.

शब्दांचा रकाना

नुसत्या छायाचित्रावरून दागिना दिसतो, समजत नाही. पन्नास वर्षांनी आल्बम उघडणाऱ्यास ती केवळ एक जुनी कुडी असेल. म्हणून चित्र घेतानाच घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे. प्रश्न सरकारी अर्जासारखे नसावेत. “आजी, ही कोणी दिली?” एवढे विचारून वस्तू त्यांच्या हाती द्यावी आणि गप्प राहावे. हातात वजन आले की आठवणी आपोआप येतात. सासरच्या पहिल्या दिवाळीची गोष्ट निघते; दुकानाच्या अडचणीच्या काळात कोणता दागिना गहाण पडला आणि कोणता सासूबाईंनी हट्टाने राखला, हेही निघते. अशा वेळी मोबाईलवर त्यांच्या अनुमतीने आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवावा. त्यांचे शब्द त्यांच्याच बोलीत राहू द्यावेत; मालवणी असो, कानडी असो, मारवाडी असो वा गुजराती.

नोंद थोडक्यात असावी. नमुन्यादाखल: “मोत्याची कुडी, उजव्या कानाची. आजीला तिच्या आईने लग्नात दिली. एक मोती नंतर बदललेला, म्हणून किंचित पिवळसर. डाव्या कानाची मोठ्या आत्याकडे.” या चार वाक्यांत वस्तू, नाते, खूण आणि ठिकाण हे चारही आले. वजन आणि छायाचित्राची तारीख शेवटी लिहावी. जे निश्चित ठाऊक नाही, ते 'असे आजी सांगत' म्हणून नोंदवावे. हिशेबात आपण अंदाजाचा आकडा पक्का म्हणून लिहीत नाही. येथेही तीच शिस्त हवी.

जपणूक आणि सावधगिरी

किनाऱ्यावर कागद जपणे कठीण असते. दमट हवेत आल्बमची पाने एकमेकांस चिकटतात. शुक नदीला पूर आला की खारेपाटणच्या जुन्या बाजारपेठेत पाणी शिरते. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळाने मालवण किनाऱ्यावरील घरांचे छप्पर कसे उडविले, हे येथील लोक विसरलेले नाहीत. म्हणून नोंदीच्या दोन छापील प्रती कराव्यात. एक घरी, हवाबंद डब्यात. दुसरी मुंबई, पुणे किंवा कोल्हापूरच्या नातलगाकडे. मूळ चित्रे मोबाईलमध्येच न ठेवता पेनड्राइव्हवर किंवा हार्ड डिस्कवरही उतरवावीत. मोबाईल बदलताना चित्रे नाहीशी होतात, हा अनुभव बहुतेक घरांत आहे.

दागिन्यांची चित्रे कौटुंबिक व्हॉट्सॲप गटात किंवा स्टेटसवर मिरवू नयेत. वस्तू कोठे ठेवली आहे, हे चित्रात दिसू नये. लॉकरचा क्रमांक चित्रासोबत लिहू नये. मोबाईलच्या कॅमेऱ्यातील स्थळनोंदीची सोय बंद ठेवावी. ही नोंद घरासाठी आहे.

वाटणीच्या वेळी या नोंदीचा उपयोग विशेष जाणवतो. 'आजीची नथ' एवढेच मृत्युपत्रात लिहिले असेल आणि घरात तीन नथी निघाल्या, तर गैरसमजास जागा होते. यादीस छायाचित्र जोडलेले असेल, तर ती जागा राहत नाही. लहान वस्तूंवरूनच मने अधिक दुखावतात, कारण तेथे भांडण सोन्यासाठी नसते. आईच्या खुणेवर हक्क कोणाचा, हा प्रश्न असतो. वस्तू एकीस मिळेल, परंतु तिचे छायाचित्र आणि कहाणी सर्व भावंडांना सारखी देता येते. सोन्याची वाटणी केली की प्रत्येकाचा वाटा लहान होतो; आठवणीचे तसे होत नाही.

येथे एक शंका सुज्ञ वाचकांच्या मनात येईल. आपला धर्म अपरिग्रह शिकवितो. मग जुन्या दागिन्यांच्या आठवणी जपणे ही आसक्तीच नव्हे का? प्रश्न योग्य आहे. परंतु अनुभव असा की, कहाणी हरवेल या भीतीने माणूस वस्तू घट्ट धरून बसतो. कहाणी लिहून झाली, चित्र हाती आले, की मूठ सैल होते. मग तेच सोने नातीच्या शिक्षणासाठी मोडता येते किंवा दानात देता येते. काही घरांतील तरुण मुली अहिंसेच्या विचाराने मोती घालीत नाहीत. आजीची मोत्याची कुडी त्या कानात घालणार नाहीत. पण आजीच्या तळहातावरील त्या कुडीचे चित्र त्या आनंदाने जवळ ठेवतील. आजीचा मान आणि नातीचे व्रत, दोन्ही राहतात.

या कामासाठी मुहूर्तही आपल्या पंचांगातच आहेत. आचार्य धरसेनांकडून मिळालेले ज्ञान पुष्पदंत आणि भूतबली यांनी ग्रंथबद्ध केले, त्याच्या स्मरणार्थ ज्येष्ठ शुक्ल पंचमीस दिगंबर परंपरेत श्रुतपंचमी साजरी होते. स्मरणातील आगम वलभी येथे देवर्धिगणी क्षमाश्रमणांच्या नेतृत्वाखाली लेखनबद्ध झाले, ही श्वेतांबर परंपरा. आणि कार्तिक शुक्ल पंचमीस ज्ञानपंचमी म्हणून ग्रंथांची पूजा होते. श्रुताची आणि घरातील दागिन्यांची तुलना होऊ शकत नाही. परंतु स्मृती क्षीण होण्यापूर्वी लिहून ठेवावे, ही शिकवण आपल्या पूर्वाचार्यांचीच आहे. कोकणात यांतील एक पंचमी पावसाच्या तोंडावर येते आणि दुसरी पाऊस ओसरून हवा कोरडी झाल्यावर. पेट्या उघडण्यास, वस्तूंना वारा देण्यास हेच दिवस सोयीचे. दुसऱ्या पंचमीस तर लाभपंचमी म्हणून आपण नव्या वह्याही सुरू करतो. येत्या वर्षी त्या वह्यांत एक वही अधिक असावी आणि तिचे पहिले पान घरातील सर्वांत वडील व्यक्तीच्या सर्वांत लहान दागिन्यासाठी राखावे.